कडू कवठाची साक्ष

कोणत्याही समाजाची विचार करण्याची रीत समजून घ्यावयाची असेल, तर त्याच्या सभांतील भाषणें ऐकण्यापेक्षां त्याच्या घरांतील औषधांची फळी पाहावी, असें मला फार दिवसांपासून वाटत आलें आहे. सभेंत मनुष्य आपल्याला पटावयास हवें असें जें त्यास वाटतें तें बोलतो. आजारपणांत मात्र खरोखर जें पटलेलें असतें तेंच तो करितो.

अलिबाग तालुक्याच्या उत्तरेस, धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं, रेवस बंदर आहे. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून या बंदराकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेंत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं, तेव्हांपासून रेवसचें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक झालें. एरव्हीं तें कोळ्या-आगऱ्यांचें, तिवरांच्या झाडीशेजारचें साधें गांव आहे. तेथील एखाद्या घरांतील फळी पाहिली, तर एका बाजूस हळद, सुंठ, ओवा, वेखंडाचा तुकडा हीं दिसतात. अंगणांत तुळस, अडुळसा, निर्गुडी असते. आणि फळीच्या दुसऱ्या बाजूस, मागच्या कोणत्या तरी आजारांत आणलेल्या व बरें वाटतांच अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांचें, पाठीवर तांबडी उभी रेघ असलेलें पाकीट असतें. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतील फळी याहून फारशी वेगळी नाहीं. तिला काचेचें दार असतें, इतकाच काय तो भेद.

समजा, जाळें सोडवितांना अशा घरांतील एखाद्या पुरुषाच्या हातांत शिंगाळ्याचा कांटा घुसला. आजी जखमेंत हळद दाबते. सून पाकिटांतील उरलेल्या दोन गोळ्या काढून देते. दोघींच्याही मनांत मायेवांचून दुसरें कांहीं नाहीं. परंतु दोघींनाही आपण किती दिलें, किती दिवस द्यावयास हवें, आणि या दुखण्यावर तें मुळांत चालतें कीं नाहीं, हें ठाऊक नाहीं. बहुतेक वेळां जखम भरून येते, आणि ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणें तें श्रेय हळदीस किंवा गोळीस मिळतें. कधीं कधीं मात्र खाऱ्या व मचूळ पाण्यांत वाढणारे जंतु त्या जखमेंतून रक्तांत उतरतात. मनुष्य यकृताच्या विकारानें वा मधुमेहानें आधींच पोखरलेला असला, तर एकदोन दिवसांत प्राणावर बेततें. त्या वेळीं आजीची हळद आणि सुनेच्या दोन गोळ्या या दोन्ही सारख्याच निरुपयोगी ठरतात, आणि त्यांच्या भरंवशावर जो वेळ गेला तो कोणी परत देऊं शकत नाहीं. म्हणून प्रश्न असा उभा राहतो कीं, वाडवडिलांकडून आलेल्या वनौषधींस आपण कोणत्या न्यायानें वागवावें? प्रश्न वैद्यकाचा दिसतो. पण तो मुळांत नीतीचा आहे, कारण विश्वास कोणावर व किती ठेवावा, आणि त्या विश्वासाची किंमत कोणी भरावी, हें त्यांत ठरावयाचें असतें.

या प्रश्नास दोन तयार उत्तरें आपल्यांत फिरत असतात. एक पक्ष म्हणतो, जें हजारों वर्षें टिकलें तें खरें असलेंच पाहिजे. परीक्षा मागणें हा पूर्वजांचा अपमान होय. दुसरा म्हणतो, पाला-मुळ्या हें अडाणीपणाचें अवशेष आहेत. त्यांची परीक्षा करण्यांत वेळ कशास दवडावा? हे दोन पक्ष एकमेकांचे हाडवैरी दिसतात. परंतु नीट पाहतां दोघांचेंही एका गोष्टीवर एकमत आहे, आणि ती गोष्ट म्हणजे परीक्षा नको ही. एकास निकालाची भीति वाटते, दुसऱ्यास निकाल आधींच ठाऊक असतो.

दोन्ही पक्ष ज्या भेदावर उभे आहेत तो भेदही कच्चा आहे. वनस्पति ती नैसर्गिक आणि प्रतिजैविक तें कृत्रिम, असें बोलण्याची रीत पडली आहे. पण १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशींत जंतूंचा संहार केला तो एका बुरशीनें. पिंपरीस १९५४ सालीं सरकारनें हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापिला, तेव्हां तेथेंही बुरशीच वाढवून तिच्यापासून पेनिसिलीन काढावयाचें होतें. स्ट्रेप्टोमायसिन मातींतील सूक्ष्म जीवापासून मिळालें. उलट, कण्हेर ही देखील अंगणांतलीच वनस्पति आहे, आणि तिचें मूळ पोटांत गेल्यास काय होतें हें खेड्यांतील पोरही जाणतें. सृष्टीनें या द्रव्यांपैकीं एकही आपल्याकरितां निर्माण केलेलें नाहीं; बुरशी आपल्या शेजाऱ्यांशीं लढते, झाड आपल्या सालीचें रक्षण करितें. त्यांच्या शस्त्रागारांतून आपण एखादें हत्यार उचलतों, एवढेंच. तें कोठून उचललें यावरून तें चालतें कीं नाहीं हें ठरत नाहीं.

वारशाचा अभिमान आपल्याला कोठपर्यंत नेऊं शकतो, याचें एक उदाहरण हळदीनेंच घालून दिलें आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून येण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट मिळालें. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असतांना, त्यास हरकत घेतली. जुन्या संस्कृत ग्रंथांचा आणि १९५३ सालीं एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या लेखाचा पुरावा पुढें केला. आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. हा विजय न्याय्य होता, आणि त्याचा आनंद मानणें योग्यच होतें. परंतु त्या वादांत सिद्ध काय झालें? ‘हें आम्हांस पूर्वींपासून ठाऊक होतें’ एवढेंच. ‘हें खरें आहे’ हें सिद्ध करणें तेथें कोणाचेंच काम नव्हतें. या दोन वाक्यांत केवढें अंतर आहे तें पुढें दिसून आलें. हळदींतील कर्क्युमिन या द्रव्याविषयींच्या संशोधनाचा विस्तृत आढावा २०१७ सालीं एका अमेरिकन रसायनशास्त्रीय नियतकालिकांत आला. कोणास खरें औषध मिळालें व कोणास खोटें, हें रोगी आणि वैद्य या दोघांपासूनही लपवून केलेल्या एकाही चांचणींत कर्क्युमिन यशस्वी झालेलें नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. मालकीचा दावा आपण जिंकलों. गुणाचा दावा अजून उभाच आहे.

आतां ज्या झाडाची साक्ष मला काढावयाची आहे त्याकडे वळतों. कोकणच्या ओलसर रानांत कडू कवठ नांवाचा वृक्ष होतो. कोणी त्यास कवटी म्हणतात, कोणी खष्ट. त्याच्या बियांचें तेल कुष्ठरोगावर लावण्याची व पोटांत देण्याची चाल फार जुनी आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक, प्राच्यविद्येचे व्यासंगी डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं गेल्याच्या मागल्या शतकांत याच प्रकारचें औषध कुष्ठरोग्यांवर चालवून पाहिलें, आणि त्यांच्या उपचाराचा बोलबाला दूरवर झाला. पण त्या औषधाची कृति त्यांनीं दीर्घकाळ उघड केली नाहीं, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. १८७४ सालीं ते वारले. त्या उपचाराचें मुख्य द्रव्य कडू कवठाच्या बिया हें होतें, ही गोष्ट पुढें सर्वमान्य झाली. आपला अनुभव पुरता पक्का झाल्यावांचून जगापुढें जाऊं नये, ही विद्वानाची काळजी त्यांच्या मौनाच्या मुळाशीं असूं शकेल, आणि असल्यास ती हलकी नव्हे. तरीही गुप्त औषधाविषयीं एक कठोर गोष्ट बोलणें भाग आहे: जें दुसऱ्यास तपासतां येत नाहीं तें, देणारा कितीही सज्जन असो, ज्ञान होत नाहीं. तें त्या सज्जनाबरोबर जगतें आणि त्याच्याबरोबरच संपतें.

सुदैवानें झाड गुप्त नव्हतें. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर बामनदास बसु यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील महाग्रंथ १९१८ सालीं निघाला. मराठींत शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं आणि ‘औषधीसंग्रहा’चे कर्ते डॉ. वामन गणेश देसाई यांनीं हेंच नोंदणीचें काम निष्ठेनें केलें. नोंद ही परीक्षेची पहिली पायरी होय. तिच्यावांचून दुसरी चढतां येत नाहीं. दरम्यान हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनज्ञ स्त्रीनें १९१५ च्या सुमारास याच वर्गांतील झाडांचें दाट, चिकट तेल सुईनें टोंचून देतां येईल अशा रूपांत आणलें, आणि सुमारें पाव शतक जगभरच्या कुष्ठरोग्यांस तेंच एक आशेचें औषध होतें. गुण येई तो थोडा आणि अनिश्चित. यातना मात्र निश्चित. १९४० नंतरच्या दशकांत सल्फोन वर्गांतील औषधें आलीं आणि तेलाच्या बाटल्या कपाटांत मागें गेल्या. झाड हरलें, असें कोणासही वाटलें असतें.

पण कथा येथें संपत नाहीं. डॅप्सोन हें नवें औषध एकटेंच वर्षानुवर्षें वापरलें गेलें, आणि त्यास न जुमानणारे कुष्ठजंतु उत्पन्न झाल्याचें १९६४ सालीं प्रयोगानें सिद्ध झालें. तेव्हां १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानें डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन हीं औषधें एकत्र देण्याची शिफारस केली, आणि जें एकास साधलें नव्हतें तें एकजुटीनें साधलें. आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो तो या एकजुटीमुळें. जंतु एका द्रव्यास चुकविण्याची वाट काढूं शकतो. वेगवेगळ्या दिशांनीं आलेल्या तिघांस एकाच वेळीं चुकविणें त्यास फार कठीण जातें.

याच एकजुटीच्या वाटेनें कडू कवठ पुन्हां आपल्या नजरेस पडलें. २००० सालीं अमेरिकेंतील फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस व त्यांचे सहकारी आपल्या दारुहळदीच्या तिकडील भावंडांचा अभ्यास करीत होते. दारुहळदींत बर्बेरिन नांवाचें पिवळें, कडू द्रव्य असतें. पू उत्पन्न करणाऱ्या जंतूवर त्याचा मारा दुबळा पडतो, कारण त्या जंतूच्या कायेंत एक उपसायंत्र असतें. शिरलेलें बर्बेरिन तें भराभर बाहेर फेंकतें. या संशोधकांना असें आढळलें कीं, त्याच झुडुपांत आणखी एक द्रव्य आहे, जें स्वतः एकाही जंतूस मारीत नाहीं. पण तें त्या उपसायंत्रास बूच मारतें, आणि मग दुबळें बर्बेरिनच घातक ठरतें. हें द्रव्य विज्ञानास अगदींच अपरिचित नव्हतें. कडू कवठाच्या वर्गांतील तेलाचा एक अल्पसा घटक म्हणून त्याची नोंद पूर्वींच झालेली होती, आणि त्याचें नांवही त्या वृक्षाच्या शास्त्रीय नांवावरून पडलेलें होतें. ज्या झाडास आपण योद्धा म्हणून रणांत उभें केलें आणि अपुरा ठरला म्हणून घरीं पाठविलें, त्याच्या पदरीं सारथ्याची विद्या होती. पण तसें त्यास कोणी विचारलेंच नव्हतें.

साहाय्यकाची ही कल्पना निव्वळ कागदी नाहीं. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्हुलॅनिक आम्ल घातलेली गोळी आज प्रत्येक औषधविक्रेत्याकडे असते. त्यांतील दुसरें द्रव्य स्वतः फारसें मारक नाहीं; जंतु पहिल्याचा नाश करण्यासाठीं जें विकर सोडतो त्यास तें जायबंदी करितें. तेंही एका सूक्ष्म जीवानेंच दिलेलें आहे. मात्र वनस्पतींतील उपसायंत्रविरोधी साहाय्यक अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर पडून दवाखान्यांतील नित्याचें औषध झालेला नाहीं. ही गोष्ट लपवून पुढची आशा रंगविणें म्हणजे गुप्त औषधाचाच दुसरा प्रकार होय.

बशी आणि शरीर यांतील अंतरही येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. एखाद्या पानाच्या अर्कानें काचेच्या बशींतील जंतु मेले, अशी बातमी वारंवार वाचनांत येते. चांगलें प्रतिजैविक एका मिलिलिटरांत एकदोन मायक्रोग्रॅम असलें तरी जंतूची वाढ थांबवितें. पानांच्या कच्च्या अर्कांस तेंच काम करण्यास पुष्कळदां शेंकडों मायक्रोग्रॅम लागतात. इतकें प्रमाण रक्तांत पोंचविणें बहुधा शक्य नसतें, आणि पोंचलें तरी जंतूच्या आधीं रोगीच कासावीस व्हावयाचा. शिवाय पाऊस, माती, ऋतु आणि तोडणी यांप्रमाणें त्याच झाडांतील द्रव्याचें मान बदलतें. ‘मूठभर पाला’ हें प्रेमाचें माप आहे, औषधाचें नव्हे.

मग वनस्पतीनें परीक्षेस बसून मिळवावयाचें तें काय? ढाक्यांत केलेली आणि १९८७ सालीं प्रसिद्ध झालेली बर्बेरिनची चांचणी मला या बाबतींत आदर्श वाटते. अतिसाराच्या १६५ प्रौढ रोग्यांवर ती झाली. एका जातीच्या कोलाय जंतूमुळें झालेल्या अतिसारांत बर्बेरिनचा गुण स्पष्ट दिसला. पटकींत तें टेट्रासायक्लिनच्या जोडीस दिलें असतां त्या प्रतिजैविकाहून अधिक कांहीं लाभ दिसला नाहीं. वनस्पतीच्या अभिमान्यास यांतील पहिला निकाल आवडेल, निंदकास दुसरा. माझ्या मतें या दोन निकालांचें एकत्र असणें हेंच त्या औषधाचें खरें वैभव आहे. जें सर्व रोगांवर चालतें असें सांगितलें जातें, त्याविषयीं आपणांस कांहींच कळलेलें नसतें. जें कोठें चालत नाहीं हें सांगूं शकतें, त्याच्यावर चालतें तेथें विसंबतां येतें. माणसांच्या बाबतींतही आपण याच न्यायानें वागतों. ‘एवढें माझ्यानें होणार नाहीं’ असें स्पष्ट सांगणाऱ्या गड्याच्या हातींच आपण होडीचें सुकाणूं देतों.

हाच न्याय सुनेच्या गोळीसही लागू आहे, आणि तेथें तो अधिक कडक आहे. इतर बहुतेक औषधांचा भलाबुरा परिणाम घेणाऱ्यापुरता राहतो. प्रतिजैविकाचा राहत नाहीं. अर्धवट घेतलेली गोळी दुबळ्या जंतूंस मारते आणि चिवटांस मोकळें रान देते, आणि ते चिवट जंतु हात, पाणी, नाणें यांवरून अशा माणसांकडे जातात ज्यांस आपण जन्मांत कधीं पाहणार नाहीं. फ्लेमिंगनें १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना हाच धोका बोलून दाखविला होता. २०१९ या एका वर्षांत औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें प्रत्यक्ष ओढवलेल्या मृत्यूंची संख्या जगांत सुमारें १२ लाख ७० हजार होती, असा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. पाकिटावरील तांबडी रेघ ही केवळ सरकारी सूचना नाहीं. ती शेजारधर्माची रेघ आहे. आणि प्रतिजैविकें थकलीं म्हणून वनस्पतींकडे धांवणाऱ्यांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, झाडापासून आलेल्या द्रव्यास या नियमांतून सूट नाहीं. चिनी दवण्याच्या जातींतील एका वनस्पतीपासून तू यूयू यांनीं मलेरियावरील आर्टेमिसिनिन मिळविलें, जुन्या ग्रंथांतील पाला न उकळतां पिळून घेण्याच्या सूचनेवरून योग्य रीत शोधिली, आणि २०१५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या औषधाच्या नुसत्या एकट्या गोळ्या विकणें थांबवा, असें जागतिक आरोग्य संघटनेस २००६ सालींच सांगावें लागलें. आणि तरीही त्यास दाद न देणारे मलेरियाचे परोपजीवी कंबोडियांत निपजलेच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. परीक्षा ही पैशाची व वेळेची चैन आहे. भर पावसाळ्यांत, समुद्र खवळलेला असतां, मध्यरात्रीं ज्याचें मूल तापानें फणफणत आहे त्यानें प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहत बसावें काय? शिवाय ज्या वनस्पतीवर कोणाचा मक्ता नाहीं तिच्या चांचणीस पैसा कोण घालणार? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सरळ आहे: ज्यावर कोणा एकाचा मक्ता नाहीं त्याची परीक्षा करणें हें सर्वांचें, म्हणून सार्वजनिक संस्थांचें कर्तव्य आहे, आणि पेटंटाचा दावा लढण्यांत आपण जी ईर्षा दाखविली ती येथें दाखविली पाहिजे. पहिल्याचें उत्तर मात्र विवेकानें द्यावें लागतें. जेथें औषध चुकलें तरी फारसें बिघडत नाहीं, तेथें रूढीस मोकळीक असावी. साध्या खोकल्यास अडुळशाचा काढा घेणाऱ्यास मी अडविणार नाहीं. त्याच अडुळशांतील व्हॅसिसिन या द्रव्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन हें कफ पातळ करणारें औषध पुढें घडविलें गेलें आहे. परंतु जेथें चुकल्यास प्राण जातो, तेथें सिद्ध झालेल्यावांचून दुसऱ्या कशावरही विसंबण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. आणि दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतींत तर मुळींच नाहीं. सुजलेला, काळानिळा पडत चाललेला हात आणि चढता ताप घेऊन हळद लावीत बसणें ही परंपरेची निष्ठा नव्हे. अशा वेळीं पहिलें औषध म्हणजे अलिबागची वाट धरणें.

रेवसच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. त्यांपैकीं एखादी आजोबांच्या वेळची असेल, तिच्या नाळेस हळदकुंकूही लागत असेल. पण नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यांत लोटण्यापूर्वीं कोळी तिची फळी न् फळी ठोकून पाहतो, कुजलेली काढतो, फटी बुजवितो, आणि मगच आपलीं मुलें तींत बसवितो. यांत आजोबांचा अपमान झाला असें त्यास कधीं वाटत नाहीं. आजीच्या हळदीस व सुनेच्या गोळीस लावावयाचा न्याय यापेक्षां निराळा नाहीं, आणि तो शिकण्यासाठीं आपणांस परदेशीं जावें लागत नाहीं.